स्थायीभाव आणि स्टेटस

विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला भावना असतात, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो क्रमाचा. भावना आधी होते आणि मग फोनवर जाते, की फोनवर काहीतरी आधी जाते आणि भावना मागाहून धावत येऊन त्याला गाठते, हा तो प्रश्न. मानसशास्त्राला तो नवा नाही. अमेरिकेत विल्यम जेम्स याने १८८४ मध्ये आणि डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे या वैद्याने १८८५ मध्ये, एकमेकांना न विचारता, असे मांडले की शरीरातला बदल आधी घडतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. म्हणजे माणूस रडतो म्हणून त्याला दुःख होते. दुःख होते म्हणून तो रडत नाही. दोघांकडेही मोबाईल नसल्यामुळे त्यांना घाम, छातीचे ठोके आणि अश्रू एवढ्याच सामग्रीवर भागवावे लागले.

पुण्यातल्या विद्यार्थ्याने हा सिद्धांत बराच पुढे नेला आहे. रात्री साडेअकराच्या सुमारास तो काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळींचा स्टेटस टाकतो. विषय साधारणपणे 'लोक बदलतात' असा असतो. त्या क्षणी त्याला फार तर झोप आलेली असते. पहिले 'काय झालं रे?' आले की आपल्याला काहीतरी झाले असावे अशी शंका त्याला येते; तिसरे येईपर्यंत डोळ्यांत पाणी उभे राहते; आणि ज्या व्यक्तीसाठी स्टेटस टाकला तिने तो पाहूनही काहीच विचारले नाही हे कळले, की लोक खरोखरच बदललेले असतात.

प्रस्तुत विवेचन मुख्यतः पुण्यात जनसंवाद किंवा वृत्तपत्रविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित आहे. भावना आणि माध्यमे या दोन्हींवर मत बाळगणे त्याला अभ्यासक्रमानेच बंधनकारक केले आहे. तो लातूर, नंदुरबार, सातारा अशा ठिकाणाहून येतो, पेठेत कुठेतरी कॉट बेसिसवर राहतो, मेसमध्ये जेवतो आणि खाडे जपून वापरतो. विद्यार्थी या शब्दात विद्यार्थिनीही आली. उल्लेखनीय फरक एवढाच की तिच्या पिशवीत चार्जर सापडतो.

या विद्यार्थ्याच्या भावजीवनाचे दोन कालखंड पडतात आणि त्यांची सीमारेषा सप्टेंबर २०१६ ही आहे. त्या महिन्यात जिओ बाजारात आले, काही महिने डेटा फुकट मिळाला आणि नंतरही स्वस्त राहिला. त्याआधीचा विद्यार्थी काटकसरी होता. एक मिस्ड कॉल म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'खाली ये', आणि तीन आले तर माणूस चप्पल न घालता जिना उतरत असे. एवढ्यावर मैत्र्या टिकल्या, काही लग्नेही झाली. डेटा मुबलक झाल्यावर सांगण्याजोगे जेवढे होते ते पहिल्या आठवड्यातच सांगून संपले. तेव्हापासूनचा सगळा व्यवहार उरलेल्या मजकुरावर चालू आहे.

हा मजकूर पोचवण्याचे मुख्य साधन व्हॉट्सअॅप. २००९ मध्ये यान कूम आणि ब्रायन अॅक्टन यांनी ते काढले तेव्हा मूळ कल्पना निरोपांची नव्हती. 'मी कामात आहे', 'बॅटरी संपत आली आहे' अशी स्वतःची अवस्था आपल्या नावापुढे लावून ठेवायची, एवढाच बेत होता. लोकांनी त्यातूनच बोलायला सुरुवात केली आणि निरोप मागाहून आले. विद्यार्थ्याचे कॉलेजही साधारण याच क्रमाने सुरू होते. आधी डीपी बदलतो, मग प्रवेश निश्चित होतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपने निळ्या टिका आणल्या. निरोप वाचला गेला की दोन बारीक खुणा निळ्या होतात, एवढीच ती सुधारणा. परंतु तोवर जगातल्या सगळ्या अनुत्तरित निरोपांना 'मिळाला नसेल' हे भक्कम कारण उपलब्ध होते, ते एका रात्रीत गेले. ओरड इतकी झाली की काही दिवसांतच टिका बंद करण्याची सोय द्यावी लागली. जो त्या बंद करतो त्याला दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत 'अवहित्था' म्हणून एक आहे. मनातले चेहऱ्यावर दिसू न देणे असा तो भाव. नाट्यशास्त्र जनसंवादाच्या अभ्यासक्रमात 'साधारणीकरण – टीप लिहा' या प्रश्नापुरते येते, गुण पाच. आणि विद्यार्थी ते तेवढ्यापुरतेच वाचतो. पण अवहित्था त्याला न वाचता येते. विमान मोड लावून निरोप उघडणे, नोटिफिकेशन खाली ओढून पहिल्या दोन ओळींवरून बाकीचा अंदाज बांधणे, लास्ट सीन फक्त काही लोकांपासून लपवणे, हे सगळे तो पहिल्या सत्रातच शिकून घेतो. त्याला कोणी शिकवणी लावलेली नसते.

उत्तर आले तरी काम संपत नाही, तिथून सुरू होते. संत वाङ्मयाच्या अभ्यासकांनी एकेका ओवीच्या पाठभेदांवर जितके कष्ट घेतले, तितके कष्ट घेतले जाताना पाहायचे असतील तर दुपारी दीडच्या सुमारास कोणत्याही मेसमध्ये जावे. समोर वाटीत मटकीची उसळ आहे, पोळी येणे बाकी आहे, आणि टेबलावर दोन ताटांच्या मधोमध फोन ठेवला आहे.

"बघू म्हणाली."

"नुसतं बघू?"

"बघू, आणि पुढे पूर्णविराम."

दुसऱ्याचा हात उसळीवरच थांबतो. "पूर्णविराम? मग अवघड आहे, भावा."

"मलापण तेच वाटलं."

"याच्या आधी कधी दिला होता का बघ. वर जा, वर जा."

फोनवर अंगठा वर जात राहतो. दिवाळी येते, गणपती येतात, प्रवेशाचे दिवस येतात. तिने 'हो' नंतर पूर्णविराम दिला आहे. 'थँक यू' नंतर दिला आहे. गणपतीच्या शुभेच्छांनंतरही दिला आहे.

"अरे, ही सगळीकडेच देते."

"एमए मराठी ना?"

"हो."

"मग तसं काही नाही. ती व्याकरणाची आहे."

पोळी येते. मूळ निरोप काय होता हे या संपूर्ण चर्चेत कोणी विचारत नाही. तो 'सोमवारच्या तासाच्या नोट्स देशील का' असा होता.

नाट्यशास्त्रात या अवस्थेलाही नाव आहे, वितर्क. त्याच्या शेजारी शंका, औत्सुक्य, चिंता आणि दैन्य हेही बसलेले आहेत. समोरून 'टायपिंग…' उमटते, विरते, पुन्हा उमटते आणि शेवटी काहीच येत नाही, एवढ्या अवधीत हे पाचही भाव विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून जाऊन येतात. रंगभूमीवर यासाठी नटाला वर्षानुवर्षे तालीम करावी लागे.

शब्दांनी भागेना तेव्हा चित्रे आली. जपानमध्ये शिगेताका कुरिता याने १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी १७६ इमोजी तयार केले. प्रत्येक चित्राला बारा गुणिले बारा ठिपक्यांची जागा होती. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींना आपल्या संचात घेतले आणि ते जगभर सगळ्या फोनवर आले. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याला वर्षाचा शब्द ठरवले. कोशात शिरलेली गोष्ट तरुणांना जुनी वाटते, या नियमाने तो चेहरा पुढे काकालोकांकडे गेला. आजचा विद्यार्थी हसू आले की धाय मोकलून रडणारा चेहरा टाकतो आणि फारच हसू आले तर कवटी. हसण्यासाठी कवटी वापरणे वडीलधाऱ्यांना अभद्र वाटते, पण शास्त्राला धरून पाहिले तर भरताच्या तेहतीस भावांत 'मरण' हाही एक आहेच. अडचण येते ती कुटुंबाच्या ग्रुपवर. काकांनी बायको आणि रिमोट यांच्यावरचा विनोद टाकला, पुतण्याने सवयीने खाली कवटी ठेवली, की दहा मिनिटांत नाशिकहून आत्याचा फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "कोण गेलं रे?"

कुटुंबाच्या ग्रुपला इमोजी एकच पुरतो आणि तो म्हणजे जोडलेले हात. वाढदिवस, बारसे, दहावा, फराळाचे निमंत्रण, वाद मिटवणे आणि वाद मिटवल्याचे भासवणे या सर्व प्रसंगी तो चालतो. त्यामागचा भाव कोणता, हे संदर्भावरून ओळखायचे असते आणि संदर्भ सकाळच्या सुप्रभातांखाली गाडला गेलेला असतो. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप आणि स्वामींचा फोटो यांनी भारतातले फोन रोज इतके भरतात, की गूगलने आपल्या फाइल्स अॅपमध्ये असली शुभेच्छाचित्रे शोधून पुसण्याची खास सोय केली. विद्यार्थी ग्रुप म्यूट करतो, सोडत मात्र नाही. ग्रुप सोडला की निदान अॅडमिनला ते कळते आणि मग त्याचे कारण मामापर्यंत पोचते.

विद्यार्थ्याला हसवणारे साहित्य बहुतेक वेळा त्याच्या जन्माच्या आधीचे असते, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. 'अशी ही बनवाबनवी' हा सचिन पिळगावकर यांचा चित्रपट १९८८ चा. भाड्याच्या खोलीसाठी चौघांनी केलेली खटपट हा त्याचा विषय. आज कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातले काही समजावून सांगावे लागत नाही, हे एक. पण त्यापलीकडे त्याने आपल्या भावनांचे पूर्ण खातेच या चित्रपटाकडे सोपवले आहे. मेसची भाजी बिघडली तर अशोक सराफ, घरमालकाने दिवा बंद करायला लावला तर सुधीर जोशी, परीक्षेत नापास झाला तर लक्ष्मीकांत बेर्डे. स्वतःचा चेहरा पाठवण्याची वेळ क्वचितच येते. या चित्रांना स्टिकरचे रूप मिळाल्यापासून तर एखाद्याला त्याच्या मित्राने दोन वर्षे केवळ अशोक सराफ यांच्या चेहऱ्याने उत्तरे दिली आहेत, आणि मैत्री उत्तम चालू आहे.

भावनांची अधिकृत मोजदाद मात्र फेसबुकने केली. लाइकचे बटण २००९ पासून होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच्या जोडीला पाच प्रतिक्रिया आल्या. प्रेम म्हणजे शृंगार, हाहा म्हणजे हास्य, वाव म्हणजे अद्भुत, दुःखी चेहरा म्हणजे करुण आणि लाल चेहरा म्हणजे रौद्र, असा ताळा सहज जुळतो. भरताने आठ रस सांगितले होते, त्यांतले वीर, भयानक आणि बीभत्स तीन बटणांवाचून राहिले. ते मजकुरातच पुरेसे असतात, म्हणून वेगळी सोय केली नसावी. पुढे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, हृदयाला मिठी मारणारा 'केअर'चा चेहरा वाढवण्यात आला. संस्कृत साहित्यशास्त्रातही असेच झाले होते. भरताच्या यादीत नसलेला वत्सल रस चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त मान्य केला. हे पाऊल उचलायला तिकडे हजाराहून अधिक वर्षे गेली, फेसबुकला चार लागली. शांत रसाचे बटण अजून आलेले नाही. अभिनवगुप्ताने त्या रसाची बाजू हिरिरीने मांडली आहे, परंतु शांत झालेला माणूस फोन खाली ठेवतो आणि त्यात कोणत्याच कंपनीचा फायदा नाही.

भावना माध्यमातून लागण झाल्यासारख्या पसरतात का, याचा प्रयोग फेसबुकने करून पाहिला आहे. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा सुमारे सहा लाख एकोणनव्वद हजार वापरकर्त्यांच्या फीडमधून काहींच्या बाबतीत आनंदी आणि काहींच्या बाबतीत दुःखी मजकूर कमी करण्यात आला. आनंदी मजकूर कमी दिसला त्यांनी स्वतःही किंचित कमी आनंदी लिहिले. दुसऱ्या बाजूने उलट झाले. परिणाम अगदी सूक्ष्म होता. निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा, न विचारता लोकांच्या मनाशी खेळले म्हणून मोठा गदारोळ उठला. जनसंवादाच्या प्रत्येक प्रकल्पात या प्रयोगाचा हवाला असतो. तो देताना विद्यार्थी दुसऱ्या खिडकीत तीच फीड उघडी ठेवून बसलेला असतो, आणि हे त्याला ठाऊकही असते. ठाऊक असण्याने काही फरक पडत नाही, हा या विषयातला सर्वांत पक्का निष्कर्ष म्हणावा लागेल, जरी अजून कोणी तो तक्त्यात मांडलेला नाही.

रील या प्रकारात हे विशेष दिसते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. पानाचा तळ कधीच लागू न देणारी युक्ती त्याआधीची, २००६ ची. ती काढणाऱ्या आझा रास्किन याने पुढे तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. रात्री गादीवर पडल्या पडल्या विद्यार्थी प्रथम विहिरीतून कुत्र्याचे पिल्लू वाचवलेले पाहतो. मग कोल्हापूरच्या मिसळीवर तर्री ओतली जाते. मग सीमेवरून न सांगता आलेला जवान आईसमोर उभा राहतो, त्यानंतर कोणी गृहस्थ पहाटे चारला उठण्याचे फायदे सांगतो, त्यानंतर पुलावरचा अपघात, त्यानंतर पुन्हा मिसळ. साहित्यशास्त्रातला ठरलेला दृष्टांत असा की स्थायीभाव हा समुद्र आणि व्यभिचारी भाव या त्यावरच्या लाटा. इथे लाटा भरपूर आहेत. समुद्राची कोणी चौकशी करीत नाही.

या सर्व काळात विद्यार्थ्याचा चेहरा कसा असतो, हे शेजारच्या कॉटवरून पाहण्यासारखे आहे. तो हलत नाही. करुणात हलत नाही, रौद्रात हलत नाही. हास्यात नाकातून थोडी हवा बाहेर पडते आणि त्याच वेळी अंगठा 'मेलो मेलो' असे टाइप करतो. भरताने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. मन खरोखर एकाग्र झाल्याशिवाय ते अंगावर उमटत नाहीत, म्हणून नटाची खरी परीक्षा तिथे. विद्यार्थ्यामध्ये यांतला स्वेद मुख्यतः निकालाची वेबसाइट उघडत नसताना आढळतो. प्रलय, म्हणजे भान हरपणे, सकाळी आठच्या तासाला होतो.

स्वरभंगाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो आईला कळतो. व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप २०१३ मध्ये आले आणि २०२१ मध्ये ते दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय झाली. प्रेमभंग झालेला मित्र सात मिनिटांचा निरोप पाठवतो. विद्यार्थ्याला बस पकडायची असते. दुप्पट वेगाने ऐकलेला हुंदका हुंदका राहत नाही, करुणाचा हास्य होतो, आणि 'समजू शकतो, भावा' हे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला थोडे अपराधी वाटते. आई मात्र साधा फोन करते. त्याला वेग वाढवण्याची सोय नाही. ती 'जेवलास का?' एवढेच विचारते, आणि 'हो' या उत्तरावरून मुलगा जेवला की नाही, पैसे संपले आहेत का, आणि काही लपवतो आहे का, या तिन्हींचा निकाल लावते. एवढ्या कमी मजकुरातून एवढी माहिती काढणारी यंत्रणा अजून कोणत्याही कंपनीला बनवता आलेली नाही. त्यामुळे विद्यार्थी आईला शक्यतो टाइप करून उत्तर देतो.

जवळच्या माणसांशी जवळीक वाढवण्यातही माध्यमांनी क्रम बदलला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्येच, दूरचित्रवाणीच्या पहिल्या दिवसांत, पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जुळते हे दाखवून त्याला नावही दिले होते. आज कुणा व्लॉगरच्या कुत्र्याचे नाव, त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याची तारीख आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सचा रंग विद्यार्थ्याला ठाऊक असतो. आपल्याच खोलीत दीड वर्ष राहिलेल्या मुलाला तो 'नांदेड' म्हणतो. त्याचे पाळण्यातले नाव कळण्याचा प्रसंग येतो तो बहुधा हॉल तिकिटावर.

राग या भावनेला मात्र मुदत आहे आणि ती चोवीस तासांची आहे. दिवसभराने नाहीशी होणारी स्टोरी स्नॅपचॅटने २०१३ मध्ये काढली, इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये उचलली आणि व्हॉट्सअॅपने २०१७ मध्ये स्टेटसच्या नावाने घेतली. विद्यार्थ्याचा निषेध याच साच्यात ओतलेला असतो. ज्या शहरात तो राहतो त्या शहरातल्या टिळक आणि आगरकर या पंचविशीतल्या दोन संपादकांना १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या मजकुरापायी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले होते, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. विद्यार्थी हा इतिहास पहिल्याच सत्रात शिकतो आणि त्यातून योग्य तो धडा घेतो. निषेधाची स्टोरी टाकण्याआधी ती बाबा, मोठे काका आणि गावातले एक पुढारी यांच्यापासून लपवतो. उरलेला समाज ती पाहतो, अर्धा समाज हृदय पाठवतो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री निषेध आपोआप मावळतो. त्या जागी बहुधा चहाच्या कपाचा फोटो येतो.

खोट्या बातम्यांबाबत विद्यार्थी फार जागरूक असतो. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, त्यामागची मुले पळवणाऱ्यांच्या अफवांची आणि जमावाने केलेल्या हत्यांची पार्श्वभूमी तो गंभीरपणे सांगू शकतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचे हत्याकांडही त्याच वेळचे. आत्याने हळदीने कर्करोग बरा होतो असे पाठवले तर तिला तो तपासणीचा दुवा पाठवतो आणि काही दिवस आत्या त्याच्याशी बोलत नाही. ही जागरूकता एका विषयापुरती थांबते. परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता वर्गाच्या ग्रुपवर 'उद्याचा पेपर पुढे ढकलला' असे परिपत्रक येते. त्यावर शिक्का असतो, सही असते आणि जावक क्रमांकही असतो. तारखेचा टाइप बाकीच्या मजकुराहून जरासा वेगळा दिसतो. फोटो मोठा करून पाहण्याचा मोह कोणालाही होत नाही. परिपत्रकावरचा विश्वास अभ्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ज्याची दोन युनिट राहिली आहेत त्याला शंका येते, ज्याची पाचही राहिली आहेत तो पाच ग्रुपवर पुढे पाठवून झोपतो. सीआर साडेबाराला 'फेक आहे' असे कळवतो. त्या निरोपाला एकही निळी टिक येत नाही.

परीक्षेच्या तोंडावर संन्यासही घेतला जातो. इन्स्टाग्राम फोनवरून काढून टाकण्यापूर्वी तसे जाहीर करणारी स्टोरी टाकणे आवश्यक मानतात, आणि ती कोणी कोणी पाहिली हे तपासण्यासाठी रात्री एकदा ब्राउझरमधून आत जावे लागते. अभ्यासिकेतले स्पर्धा परीक्षावाले यात अधिक कडक. ते साधा बटणांचा फोन घेतात आणि त्याविषयीची मुलाखत एखाद्या यूट्यूब चॅनलला देतात.

या सगळ्या अनुभवाला शैक्षणिक रूप मिळते ते शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पात. 'समाजमाध्यमांचा तरुणांच्या भावजीवनावरील परिणाम : पुणे शहराच्या विशेष संदर्भात' असे शीर्षक असते आणि त्यातला विशेष संदर्भ म्हणजे विद्यार्थ्याचे संपर्कयादीतले मित्र. प्रश्नावली गूगल फॉर्मवर तयार होते आणि 'भावा, भर ना, दोनच मिनिटं' या विनंतीसह सगळीकडे जाते. भरणारे रिक्षात, तासाला किंवा पंगतीत बसून भरतात. 'तुम्हाला एकाकी वाटते का?' या प्रश्नाला 'कधी कधी' या मधल्या पर्यायावर बहुमत पडते, कारण ते बोटाच्या सर्वांत जवळ असते. काही जण फॉर्म न भरताच 'भरला' असे कळवून पुढे जोडलेले हात ठेवतात. मिळालेल्या उत्तरांची वर्तुळे काढून त्यांना रंग दिले जातात, जेम्स, लांगे आणि फेसबुकचा प्रयोग दुसऱ्या प्रकरणात बसवले जातात, भरतमुनींना तिसऱ्यात जागा मिळते, आणि निष्कर्षांत माध्यमांचा वापर मर्यादेत करावा असे सुचवले जाते.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पाने उलटत विचारतात, "नमुना निवड कशी केलीत?"

"सोयीनुसार, सर."

"कोणाच्या?"

इथे विद्यार्थी एक क्षण थांबतो. तेवढ्यात टेबलावर उपडा ठेवलेला परीक्षकांचा फोन थरथरतो, ते तो उचलून वाचतात, पुन्हा उपडा ठेवतात आणि प्रश्न कोणता होता ते विसरून पुढचे पान उलटतात. गुण बरे मिळतात.

प्रकल्पाची सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत विभागाच्या कपाटात जाते. सॉफ्ट कॉपी पुढच्या बॅचच्या ग्रुपवर जाते, सोबत 'नाव आणि वर्ष तेवढं बदल' अशी सूचना. नाव बदलले जाते. वर्ष मुखपृष्ठावर बदलते आणि प्रमाणपत्रावर तसेच राहते. आभारांचे पान कोणी उघडत नाही, त्यामुळे तिथे अजूनही कॉट क्रमांक तीनवरच्या नांदेडचे, त्याने रात्रीअपरात्री चार्जर दिल्याबद्दल, मनःपूर्वक आभार मानलेले असतात.